आघातानंतर देवासमोर वही उघडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारहाण, लैंगिक अत्याचार, अपघात, घरातला अचानक मृत्यू, लहानपणी सोसलेला छळ अशा जखमा घेऊन जगणारी ख्रिस्ती माणसं प्रार्थनेसोबत वही लिहू लागतात, तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. जिथे ‘पाळक’ म्हटलंय तिथे कॅथलिक वाचकांनी ‘फादर’ वाचावं. जीव द्यावासा वाटत असेल, तर हे पान वाचण्याआधी १४४१६ ला फोन करा. हा ‘टेली-मानस’चा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. घरात आत्ता मारहाण चालू असेल तर ११२ किंवा महिलांसाठी १८१.

१. वही लिहिणं ही आपली, ख्रिस्ती गोष्ट आहे का? की मानसशास्त्रवाल्यांची?

दोघांचीही, पण आपली फार जुनी. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत, म्हणजे कुणीतरी आपलं दुखणं देवाला उद्देशून शब्दांत मांडलेलं. ईयोब तर राखेत बसून म्हणतो की माझे शब्द कुणी लिहून ठेवले असते तर (ईयोब १९:२३). पांप्लोनाच्या लढाईत १५२१ साली तोफगोळ्याने पाय मोडलेले संत इग्नेशियस घरी बरे होत असताना जवळजवळ तीनशे पानांची वही भरत होते. ख्रिस्ताचे शब्द तांबड्या शाईत, मरियेचे निळ्या शाईत.

मानसशास्त्राची बाजू अलीकडची. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या वाईट अनुभवावर लिहायचं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना त्या त्या दिवशी जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत ते दवाखान्यात कमी वेळा गेले. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा फायदा खरा पण लहान निघाला. वहीने सगळं बरं होतं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

२. घटनेला आठच दिवस झालेत. सगळे म्हणतात, लिहून काढ, मोकळी होशील. लिहू का?

एवढ्यात नको. घटना ताजी असताना ती तपशीलवार वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळतो असं दिसून आलेलं नाही. काहींना उलट त्रास होतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत झोप न लागणं, दचकणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप उतरतं. महिना उलटूनही ते तसंच राहिलं, तर डॉक्टरांना दाखवायचं.

एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं (१ राजे १९). ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांनी आला. तोच क्रम धरा. या काळात लिहायचंच असेल तर दिवसाला तीन ओळी पुरे : काय खाल्लं, किती झोपले, कोण भेटलं.

३. सुरुवातीला काय काय लागतं?

शंभर पानी साधी वही आणि एक पेन. महागडी कातडी बांधणीची डायरी नको, तिच्यात लोक अक्षर सांभाळत बसतात. गजर लावायला घड्याळ. पवित्र शास्त्र, स्तोत्रसंहितेत खूण घालून. पाण्याचा पेला. आणि उजेड असलेली जागा, जिथे पाय जमिनीला टेकतील. पलंगावर बसून लिहू नका. झोपायची जागा आणि या आठवणी एकमेकींना चिकटल्या की रात्री अंथरुणावर पाठ टेकताच त्या सुरू होतात.

वेळ शक्यतो दिवसाची, आणि लिहून झाल्यावर तासभर तरी मोकळा हवा. उपासनेला निघायच्या आधी वीस मिनिटं काढून बसणं ही हमखास चूक. मग माणूस चर्चच्या बाकावर थरथरत बसतो आणि लोक विचारतात, काय झालं.

४. नेमकं लिहायचं कसं? पायऱ्या सांगा.

आपण स्तोत्र १३ चा सांगाडा वापरतो. अवघी सहा वचनं. पहिल्या दोनांत ‘कुठवर?’ हा सवाल चार वेळा, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. वीस मिनिटांचे पाच तुकडे करा.

हाक, १ मिनिट. देवाला तुम्ही ज्या नावाने बोलावता त्या नावाने एक ओळ.

गाऱ्हाणं, १२ मिनिटं. इथेच खरं काम आहे. काय घडलं, डोळ्यांना काय दिसलं, कानांवर काय आलं, अंगात काय झालं, त्या क्षणी मनात कुठला विचार आला, आणि आज त्याबद्दल काय वाटतं. पेन थांबवायचं नाही. सुचलं नाही तर शेवटचा शब्द पुन्हा लिहा. खाडाखोड नको.

मागणं, ३ मिनिटं. आजपुरतं आणि ठोस. ‘मला शांती दे’पेक्षा ‘आज रात्री दोनला जाग येऊ नये’.

टेकू, २ मिनिटं. ज्यावर आज भार टाकता येईल असं काहीही. एखादं वचन, एखादं माणूस, काल कुणी आणून दिलेला डबा. काहीच सापडलं नाही तर जागा कोरी सोडा. स्तोत्र ८८ च्या लेखकाला भरवशाची ओळ सुचलेली नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे, तरी ते शास्त्रात आहे.

परत येणं, २ मिनिटं. आजची तारीख, वार, मी कुठे बसलोय, समोर दिसणाऱ्या तीन वस्तू. ही पायरी लोक गाळतात आणि मग दिवसभर त्या जुन्या खोलीतच राहतात.

नमुना म्हणून बनवलेला एक उतारा पाहा. पहिल्या दिवशी बहुतेकांचं लिखाण असं असतं : ‘देवा, तुला माहीतच आहे. त्या रात्री जे झालं ते फार वाईट होतं. मला खूप त्रास झाला. पण तुझी इच्छा.’ चौथ्या दिवशी तीच बाई लिहिते : ‘देवा. त्याने ताट आपटलं तेव्हा वरण भिंतीवर उडालं. मी आधी भिंत पुसायला गेले. मार बसायच्या आधी मी भिंत पुसत होते. मला वाटलं डाग राहील. मला आज त्या डागाचा राग येतो, माझा नाही.’ पहिल्या उताऱ्यात खरं लिहिण्याजोगं काहीच नाही, ‘तुझी इच्छा’ हे वाक्य तर झाकण म्हणून आलंय. दुसऱ्यात भिंत आहे. असा एक तपशील सापडला की वही काम करू लागली असं समजा.

५. रोज लिहायचं का? शांत वेळेसारखं, म्हणजे एकांतातल्या वाचन-प्रार्थनेसारखं, दररोज सकाळी?

नाही. शांत वेळ आणि ही वही वेगळ्या ठेवा. जखमेवरचं लिखाण लागोपाठ तीन-चार दिवस, मग किमान आठवडाभर सुट्टी. सुट्टीनंतर जुनं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वाचलंत, तर शेजारच्या कोऱ्या पानावर एवढंच लिहा : मागच्या वेळी लिहिताना जे दिसलं नव्हतं, असं आज काय दिसतंय? असे दोन-तीन फेरे बऱ्याच जणांना पुरतात. मधल्या दिवसांत साधी रोजनिशी लिहायला हरकत नाही.

६. लिहिताना हात गार पडतात, अंग सुन्न होतं, आपण खोलीत नाहीच असं वाटतं.

पेन खाली ठेवा. गजर वाजेपर्यंत रेटायचं नाही, हा सराव आहे, परीक्षा नाही. पायांचे दोन्ही तळवे जमिनीवर दाबा. गार पाण्याने मनगटं धुवा. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, मग ऐकू येणारे चार आवाज. ‘भिंतीवर कॅलेंडर, खिडकीत तुळस, फ्रिजचा आवाज’ इतकं साधं. श्वासाला जोडून ‘प्रभू येशू’ (आत), ‘दया कर’ (बाहेर) ही पूर्वेकडच्या मठांतली जुनी प्रार्थना अनेकांना धरून ठेवते. काहींना मात्र श्वासाकडे लक्ष दिलं की जास्त घाबरायला होतं, विशेषतः ज्यांचा गळा दाबला गेला होता त्यांना. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि पायांवर लक्ष ठेवावं.

असं दोनदा झालं तर एकट्याने लिहिणं थांबवा आणि प्रश्न १८ पाहा.

७. लिहिल्यावर बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटतं. सोडून देऊ?

लिहिल्यानंतर दोन-चार तास जड वाटणं, रडू येणं, दमल्यासारखं होणं अपेक्षितच आहे. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते उतरायला हवं. दोन आठवडे होऊनही झोप, जेवण, काम बिघडतच चाललं असेल, दारू किंवा गोळ्यांकडे हात जात असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर वही मिटा आणि माणूस गाठा. यात विश्वास कमी पडला असं काही नाही. हाड नीट न बसवता चालायला लावलं तर पाय सुजतोच.

८. तीन महिने झाले, मी तेच तेच लिहितेय.

मग ते लिखाण उरलेलं नाही, घोळवणं झालंय. ओळखायची खूण सोपी आहे : एकच वाक्य तीन बैठकांत जसंच्या तसं येतं, आणि ते बहुधा ‘मी तेव्हा असं का केलं नाही’ या साच्यातलं असतं. दोन उपाय आहेत. एक, ‘मी’ काढून ‘ती’ लिहा. ‘ती बारा वर्षांची होती, दार आतून बंद होतं.’ स्वतःला जे कधीच म्हणू शकत नाही ते ‘ती’ला म्हणता येतं.

दुसरा उपाय पवित्र शास्त्रातल्या ‘विलापगीत’ या पुस्तकातला. त्याचे पहिले, दुसरे आणि चौथे अध्याय प्रत्येकी २२ वचनांचे आहेत, कारण हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं. प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने सुरू होतं. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून ६६. यरुशलेमचं राखेत गेलेलं सगळं मांडायचं, पण अक्षरं संपली की थांबायचं. तुम्ही ‘क’ ते ‘ज्ञ’ घ्या, अडलेली अक्षरं गाळा. ‘क : कडी लावल्याचा आवाज. ख : खोबरेल तेलाचा वास.’ ठरलेला शेवट असला की घोळणाऱ्या मनालाही थांबावं लागतं. गंमत म्हणजे पाचव्या अध्यायात वचनं २२ च आहेत, पण अक्षरांचा क्रम मोडलेला आहे.

९. देवावरचा राग वहीत लिहिला तर पाप लागेल?

यिर्मया संदेष्टा देवाला म्हणतो, तू मला फसवलंस, आणि पुढे आपल्या जन्मदिवसाला शाप देतो (यिर्मया २०:७-१८). येशूने वधस्तंभावर स्तोत्र २२ ची पहिली ओळ उच्चारली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तो प्रश्नच आहे. लिहा.

शत्रूचं वाईट व्हावं हेसुद्धा लिहिता येतं. स्तोत्र १०९ आणि १३७ वाचून पाहा, तुमच्या वहीत त्याहून कडक काही क्वचितच असेल. तिथे सूड देवाच्या हाती सोपवलेला आहे, एवढं लक्षात असू द्या.

१०. पाळक म्हणतात, आधी क्षमा कर, मग लिही. सत्तर वेळा सात. मी अडकलेय.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर थोडं लांबतंय.

किती वेळा क्षमा करावी, यावरचं येशूचं ‘सत्तर वेळा सात’ हे उत्तर मत्तय १८:२२ मध्ये आहे. तोच अध्याय पूर्ण वाचा. सहाव्या वचनात, लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, असं येशू म्हणतो. पंधरा ते सतरा या वचनांत, अपराध्याला त्याचा अपराध दाखवा, ऐकत नसेल तर साक्षीदार न्या, तरी नाही तर मंडळीला सांगा, असा क्रम आहे. बाविसावं वचन यानंतर येतं. पहिली एकवीस वचनं वगळून बाविसावं हातात देणं हा शास्त्राचा वापर बरोबर नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका. क्षमा म्हणजे सूडाचा हक्क देवाकडे सोपवणं, याला वेळ लागतो. समेट म्हणजे नातं पुन्हा जोडणं, त्याला समोरच्याचा पश्चात्ताप आणि तुमची सुरक्षितता दोन्ही लागतं. आणि तक्रार मागे घेणं ही तर तिसरीच, कायद्याची गोष्ट. पहिली केली म्हणून दुसरी किंवा तिसरी करावीच लागत नाही.

वहीत क्षमा केव्हा येते? जे घडलं त्याचं नाव आणि त्याने काय काय नेलं त्याची यादी लिहून झाल्यावर. झोप, नोकरी, एका मामाकडे जाणं, निळा रंग. किती देणं होतं हे माहीत नसताना कर्ज माफ करता येत नाही. यादी पूर्ण होईपर्यंत मागण्याच्या जागी ‘क्षमा करायची इच्छा दे’ किंवा ‘तीही इच्छा अजून नाही’ एवढं लिहिलंत तरी ती प्रार्थनाच आहे.

११. लिहिताना सारखं वाटतं, चूक माझीच होती. वही पापनिवेदनाला नेऊ का?

पापनिवेदन आपण केलेल्या पापाचं असतं, आपल्यावर झालेल्याचं नाही. दाविदाची मुलगी तामार हिच्यावर सावत्र भावाने बलात्कार केला, ते २ शमुवेल १३ मध्ये आहे. शास्त्र तिच्यावर एका शब्दाचाही दोष ठेवत नाही. तिचा सख्खा भाऊ मात्र तिला म्हणतो, गप्प राहा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘मी काय केलं’, उजवीकडे ‘माझ्यावर काय झालं’. अपराधी वाटणारं प्रत्येक वाक्य यातल्या एका रकान्यात घाला. ‘मी ओरडले नाही’ हे उजवीकडे जातं, कारण भीतीने शरीर गोठतं, ते ठरवून होत नाही. डावीकडे खरंच काही उरलं तर तेवढंच निवेदनाला न्या, तेही तोंडी. वही घरी ठेवा.

१२. माझ्याबाबतीत ते चर्चमध्येच झालं. ‘हे पित्या’ लिहिलं की हात थांबतो.

मग ‘पित्या’ लिहू नका. स्तोत्रांत देव खडक आहे, ढाल आहे, आश्रय आहे. यशया ६६:१३ मध्ये तो आईसारखं सांत्वन करतो. अब्राहामाच्या घरातली दासी हागार हिने रानात देवाला स्वतः नाव ठेवलं, ‘मला पाहणारा देव’ (उत्पत्ती १६:१३), आणि ती एका विश्वासणाऱ्याच्याच घरातून पळालेली होती. हाकेची ओळ काही महिने कोरी राहिली तरी चालेल. वचनं वाचून अंगावर काटा येत असेल तर पवित्र शास्त्र बाजूला ठेवा आणि फक्त गाऱ्हाणं व परत येणं या दोन पायऱ्या करा. मदत मागताना त्या मंडळीच्या बाहेरचा माणूस निवडा.

१३. आमच्या गटात देवाचं उत्तरही लिहायला सांगतात. शिवाय पवित्र आत्मा विसरलेल्या आठवणी दाखवतो म्हणतात.

पहिल्याबाबत जपून. ज्याच्या डोक्यात लहानपणापासून शिव्यांचा आवाज बसलाय, तो ‘देव म्हणतो’ लिहून पुढे तोच आवाज उतरवतो : ‘तू अजून बदललेली नाहीस.’ म्हणून उत्तर स्वतः रचू नका. एखादं वचन जसंच्या तसं उतरवा आणि त्याच्यासमोर तुम्ही काय म्हणाल ते लिहा.

दुसऱ्याला स्पष्ट नकार. डोळे मिटवून, प्रार्थनेत, कुणी सुचवत असताना ‘अजून काय दिसतंय?’ असं खोदत गेलं की मन चित्रं तयार करतं आणि ती खऱ्या आठवणीइतकीच पक्की वाटतात. यातून निरपराध माणसावर आरोप होऊ शकतो, आणि खऱ्या पीडितेची खरी साक्षही संशयात जाते. जे आठवतं ते लिहा. जिथे आठवत नाही तिथे ‘इथे आठवत नाही’ असं लिहा.

१४. एकत्र कुटुंब, दोन खोल्या. कुणी वाचलं तर?

आधी हे ठरवा : वाचलं गेलं तर लाज वाटेल, की मार बसेल? लाजेपुरतं असेल तर वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किंवा मैत्रिणीकडे ठेवता येते. माराची भीती असेल तर वही ठेवूच नका. सुट्या कागदावर लिहा, वाचा, बारीक फाडा, पाण्यात भिजवून टाका. लिहिण्याचा फायदा कागद जपण्यात नसतो. (केस चालू असेल तर आधी प्रश्न १५.)

मोबाईल सुरक्षित वाटतो, पण नोंदींचे अ‍ॅप आणि फोटो बहुधा एखाद्या खात्यावर आपोआप चढतात, आणि घरात दोन फोनवर तेच खातं असतं. अत्याचार करणाऱ्याला उद्देशून पत्र लिहायचं असेल तर कागदावरच लिहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत टाइप करून ‘नंतर पुसते’ म्हणणाऱ्यांचा अंगठा चुकीच्या जागी पडतो.

१५. कोर्टात केस आहे. वहीचा उपयोग होईल की अडचण?

दोन्ही होऊ शकतं, म्हणून दोन वह्या करा. एक कोरडी नोंदवही : तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कोण हजर होतं, दवाखान्याचा कागद कुठे आहे. भावना नाहीत, विशेषणं नाहीत. ती वकिलाला द्यायची. दुसरी ही विलापाची वही, जिच्यात ‘मला वाटतं मीच चुकले’ असंही वाक्य असू शकतं, आणि उलटतपासणीत ते तुमच्यावर उलटवलं जाऊ शकतं. दुसरी वही आहे हे वकिलाला सांगा. त्यांना विचारल्याशिवाय काहीही फाडू किंवा जाळू नका. पाळकाला विश्वासात सांगितलेलं आपल्या पुरावा कायद्यात वकिलाला सांगितल्यासारखं संरक्षित नसतं, हेही ध्यानात ठेवा.

१६. पाळकाला वही वाचायला देऊ? आणि चर्चमध्ये सर्वांसमोर साक्ष देण्याचा आग्रह होतोय.

वही देऊ नका. हवं ते एक पान तुम्हीच वाचून दाखवा, म्हणजे कुठे थांबायचं ते तुमच्या हातात राहतं. साक्षीबद्दल : माईकवर बोललेलं परत घेता येत नाही, आणि आता सगळं रेकॉर्डही होतं. निदान एक वर्ष ‘अजून नाही’ म्हणा. ‘प्रभूच्या गौरवासाठी’ म्हणून घाई करणाऱ्यांना बहुधा गोड शेवट हवा असतो, आणि तुमची गोष्ट अजून मधल्या पानावर असते.

पाळकांसाठी एक ओळ : वाचलेल्या पानावरून अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

१७. माझं मराठी शुद्ध नाही. आईला तर लिहिताच येत नाही.

घरात जी बोलता तीच भाषा. कादोडी, वाडवळी, कोंकणी, नगरी, काहीही. आघात ज्या भाषेत ऐकलात त्या भाषेत लिहिला तर तो जास्त टोचतो. फार टोचत असेल तर काही दिवस दुसऱ्या भाषेत लिहिणं ही पळवाट नाही, ते हातमोजे घालून काम करण्यासारखं आहे.

आईला ओवी रचू द्या. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये ओव्यांतच आणलं, तेव्हा हा साचा मराठी ख्रिस्ती माणसाला परका नाही. तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. म्हणू द्या, हवं तर फोनवर रेकॉर्ड करा, पण ऐकायचं की पुसायचं ते तिने ठरवावं.

१८. समुपदेशकांकडे जातेय, गोळ्याही चालू आहेत. वही चालेल?

चालेल, त्यांना सांगून. आघातासाठी लिखाणाचीच एक उपचारपद्धत आहे. पाच भेटी, प्रत्येक भेटीत ३० मिनिटं त्याच घटनेबद्दल लिहायचं, तेही उपचार करणाऱ्याच्या देखरेखीखाली. तुमचं तसं काही चालू असेल तर घरी वेगळं लिहू नका, डोस दुप्पट होतो. वही सुरू झाली किंवा प्रार्थनेने बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

१९. माझ्या मुलीला वही द्यायची आहे. ती अकरा वर्षांची आहे.

वही द्या, विषय देऊ नका. या वयात चित्रं, चिकटवलेली पानं, देवाला दोन ओळींचं पत्र पुरतं. वीस मिनिटांची पद्धत मुलांसाठी नाही. तिची वही चोरून वाचू नका. काही घडतंय अशी शंका असेल तर तिला थेट, शांतपणे विचारा आणि १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

२०. माझ्या गाडीखालीच माणूस गेला. मी पीडित आहे की अपराधी?

दोन्ही असू शकता. अशा वेळी दोन स्तोत्रं आलटून पालटून घ्या. एका बैठकीत स्तोत्र १३, जे पाहिलंत त्याचं गाऱ्हाणं. दुसऱ्या बैठकीत पश्चात्तापाचं स्तोत्र ५१, चुकीतलं तुमच्या वाट्याचं जेवढं आहे तेवढं. प्रश्न ११ मधला दोन रकान्यांचा कागद इथे फार उपयोगी पडतो, फक्त तो पोलीस किंवा विम्याच्या कागदांजवळ ठेवू नका, आणि केस असेल तर प्रश्न १५ वाचा.

२१. दरवर्षी त्या तारखेला कोसळते.

आदल्या आठवड्यात लिहा, त्या दिवशी नको. त्या दिवसासाठी आधीच एका पानावर लिहून ठेवा : कुणाला फोन करायचा, कुठे जेवायचं, कुठलं स्तोत्र कुणाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. शुभ शुक्रवार किंवा २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस त्या तारखेजवळ येत असेल तर हे पान चार दिवस आधी काढा.

२२. वही भरली. जाळू की ठेवू? आणि मी गेल्यावर ती मुलांच्या हाती पडली तर?

यहोयाकीम राजाने यिर्मयाचा पट सुरीने कापून शेगडीत टाकला. त्याचा लेखनिक बारूख याने यिर्मयाच्या तोंडून सगळं पुन्हा लिहिलं आणि तसेच आणखी पुष्कळ शब्द त्यात घातले (यिर्मया ३६). जाळलं म्हणजे संपलं, या आशेने जाळू नका. निरोप द्यावासा वाटतोय म्हणून जाळा. तेही महिनाभर थांबून, बादलीत, अंगणात, कुणाला तरी सोबत घेऊन.

ठेवणार असाल तर पहिल्या पानावर आजच लिहा : ‘ही वही न वाचता अमुक व्यक्तीकडे द्यावी’ किंवा ‘न वाचता नष्ट करावी’. खाली सही आणि तारीख. आणि ज्या व्यक्तीचं नाव लिहिलंत तिला तसं सांगून ठेवा.